नारंगी टोमॅटोचं बी

मास्तर,

गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण वारली. तुम्हाला ती दिवेलागण झाली की भिंत चाचपत चालणारी परकरी पोर म्हणूनच आठवत असेल. पण ती तशी राहिली नाही. सत्तरी उलटल्यावरही सुईत दोरा ती स्वतः ओवायची आणि मला हसायची, कारण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि तिच्या एकातही नाही. तिचे दिवस करून मी आसनगावला मुलाच्या घरी परत आलो. जेवायला बसलो तर सुनेनं पानात टोमॅटोची कोशिंबीर वाढली, आणि घास हातात धरून मी तसाच बसून राहिलो. तुमच्या त्या नारंगी टोमॅटोची चव माहीत असलेलं माणूस आता मी एकटाच उरलो होतो.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. माझा स्वभाव तुम्ही ओळखून होतात. कडी लावल्यावर परत जाऊन ती ओढून बघणारा माणूस मी. गॅस बंद केला का, म्हणून सुनेच्या मागे लागतो, ती कंटाळते, तरी लागतो. आता हा नवा घोर लागला आहे, की मी गेलो की ती फळं कधी होती हेच कुणाला ठाऊक राहणार नाही. मुलाला सांगायला गेलो. तो चांगला आहे, ऐकून घेतलं त्यानं, आणि म्हणाला, "बाबा, टोमॅटोच ना?" म्हणून तुम्हाला लिहितो आहे. माझी शाळा चौथीला सुटली आणि तोवरची सगळी तुमच्याच हाताखाली झाली, तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर त्यात थोडा वाटा तुमचाही धरा.

सापगावच्या शाळेमागं नदीकडे उतरत जाणारा तो तुकडा मला अजून डोळे मिटून चालता येईल. भात कापून झालं की तुम्ही तो नांगरून घ्यायचात, वाफे पाडायचात आणि थंडी पडायच्या आत टोमॅटोची रोपं उभी करायचात. गावातल्या जुन्या बायका त्याला बेलवांगं म्हणायच्या आणि घरात येऊ द्यायच्या नाहीत. कापल्यावर मांसासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पाड्यावर असलं सोवळं नव्हतं. आम्ही मिळेल ते खायचो, फक्त मिळत नव्हतं. मी वीटभट्टीवरून खोकला घेऊन परत आलो त्या वर्षी तुम्ही आईला निरोप धाडलात, की पोराला माझ्याकडे पाठव, बसून करायचं काम आहे. बसून करायचं काम म्हणजे काय ते वाफ्यावर आल्यावर कळलं. उद्या उमलेल अशी कळी आज संध्याकाळी शोधायची, चिमट्यानं पाकळ्या बाजूला करून आतली पिवळी नळी अलगद उपटून टाकायची, म्हणजे ते फूल स्वतःच्या पुडीनं फळायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलातली पूड त्याच्या टोकाला लावायची, वर कागदाची टोपी चढवायची आणि देठाला दोरा बांधायचा. मी वाकून वाकून ते करतो आहे, मान अवघडली आहे, आणि तुम्ही पलीकडच्या ओळीत उकिडवे बसून चष्मा कपाळावर चढवून तेच करता आहात, असं मला आजही दिसतं.

मला मात्र धीर निघायचा नाही. फळ धरलं का, कळी गळली तर नाही ना, म्हणून मी टोप्या उचलून बघत राहायचो. तुम्ही एकदा मागे येऊन उभे राहिलात. मला वाटलं आता ओरडाल. तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, "अरे, त्यांनाही थोडा एकांत लागतो. तुझं लग्न झाल्यावर मी असाच छप्पर उचलून बघायला येऊ का?" शेजारी भाजीला पाणी घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुढं कितीतरी दिवस त्यांतली कुणीही भेटली की विचारायची, "काय रे, झाला का एकांत?" माझं खरंच लग्न झालं तेव्हाही त्यांनी ते सोडलं नाही.

तुमच्या पुण्याच्या कॉलेजातल्या मित्रानं पाकिटातून पाठवलेलं ते रानटी बी आठवतं का? त्याची झाडं केसाळ, वास उग्र, आणि फळ बोराएवढं, पिकलं तरी हिरवंच. मला ते ओंगळ वाटायचं. आपल्या गावठी लाल टोमॅटोच्या फुलाला तुम्ही त्या हिरव्याची पूड लावायला सांगितलीत तेव्हा मला वाटलं मास्तरांचं काहीतरी चुकतं आहे. पण पुढच्या थंडीत त्या पोटची जी झाडं आली त्यांना नारंगी फळं लागली. लाल आईला आणि हिरव्या बापाला नारंगी पोरं. तुम्ही एक फळ हातात घेऊन उन्हात फिरवत म्हणालात, "हे त्या हिरव्याच्या पोटात लपून बसलं होतं. लालाच्या घरी आल्यावर दिसलं." मग दर थंडीला त्याच नारंगीची गाठ पुन्हा गावठीशी घालायची, केस आणि वास घालवायचा, फळ मोठं करायचं, रंग मात्र जाऊ द्यायचा नाही, असं ते चाललं. चव शेवटपर्यंत थोडी वेगळी राहिली. आंबटपणा कमी, आणि मागून किंचित गवताचा, किंचित भोपळ्याचा वास. बहिणीला आवडायची. मला सवयीनं आवडायला लागली.

हे सगळं कशासाठी ते तुम्ही मला त्या बहिणीकडेच बोट दाखवून सांगितलंत. भाताच्या पेजेवर वाढलेली पोरं ही, म्हणालात, पोट भरतं पण डोळ्यांना लागतं ते पेजेत नसतं. ते पिवळ्या रंगात असतं, पपईत असतं, गाजरात असतं. मी म्हटलं, मग पपई लावू या की. तुम्ही विचारलंत, "कुठं लावणार? तुझ्या आईच्या नावावर जमीन आहे?" टोमॅटो तीन-चार महिन्यांत येतो, उकिरड्यावर फेकला तरी येतो, त्याला मालकीची जागा लागत नाही, हे तुम्ही मनाशी धरून ठेवलं होतं. आणि तो येईपर्यंत पोरीचे डोळे थांबवून ठेवणारेही तुम्ही नव्हतात. शहापूरच्या दवाखान्यातून माशाच्या तेलाची बाटली आणून तुम्ही रोज शाळा सुटताना तिच्या जिभेवर चमचा ओतायचात. ती थुंकायची. तुम्ही म्हणायचात, "थुंक. बाटलीत अजून आहे." तिचे डोळे त्या तेलानं सुधारले, टोमॅटोनं नाही. हे लिहायलाच हवं. पण बाटली संपायची, दवाखान्यात नवी आलेली नसायची, आणि पाड्यावर भिंत चाचपणारी पोरं आणखीही होती.

एकदा तुम्ही मला मुंबईला घेऊन गेलात. पेंढ्यात रचलेली फळांची टोपली माझ्या मांडीवर, आणि कुणी धक्का देईल म्हणून माझा जीव मुठीत. तुमचा दुसरा एक मित्र तिथं प्रयोगशाळेत होता. त्यानं खडूच्या पुडीसारखं काहीतरी भरलेल्या उभ्या काचेच्या नळीत आधी बाजारातल्या लाल टोमॅटोचा अर्क ओतला. खोलीभर रॉकेलसारखा वास. लाल रंग नळीच्या वरच्या तोंडाशीच अडकून बसला आणि खाली केसाएवढी पिवळी रेघ उतरली. मग दुसऱ्या नळीत आपल्याचा ओतला. त्यातला पिवळा पट्टा गोधडीच्या काठाएवढा जाड होता आणि तो हळूहळू खाली येत राहिला. "हे तुझ्या पाड्यावरच्या पोरांचं," तुमचा मित्र मला म्हणाला. त्यानंच सांगितलं, की झाड रंग करतं तो मोजकाच, पिवळा वाढला की लाल तेवढा घटतो. म्हणजे ही फळं कधी लालबुंद दिसणार नाहीत. तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात. परत येताना आसनगावला उतरल्यावर मला भजी खाऊ घातलीत आणि स्वतः खायला विसरलात.

लाल दिसणार नाहीत, यातच पुढचं सगळं होतं. महाराष्ट्र व्हायच्या आदल्या थंडीत तुम्ही म्हणालात, आता लोकांच्या हातात देऊन बघू, आणि आपण मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला टोपली घेऊन बसलो. एका बाजूला बैलांचा बाजार, दुसऱ्या बाजूला घोंगड्या, मधे तुम्ही पांढऱ्या सदऱ्यात. एक म्हातारी वाकून बघून म्हणाली, "मास्तर, अजून दोन दिस पेंढ्यात ठेवा, कच्ची हायेत." तुम्ही म्हणालात, "दाबून बघ आजी, मऊ आहे. पिकलेलं आहे." ती म्हणाली, "मऊ काय, सडल्यावर पण होतं." तेवढ्यात बैलाचा कासरा हाताला गुंडाळलेला एक व्यापारी थांबला. "पिकलं नाय गो आजी," तो म्हणाला, "याला कावीळ झालीय." भोवतालची माणसं हसली. तुमचे कान तांबडे झाले. तुम्ही एक फळ उचललंत आणि तिथंच खाल्लंत, मग दुसरं, मग आणखी. रस सदऱ्यावर ओघळला. "बघा," तुम्ही म्हणालात, "मेलो का?" व्यापारी म्हणाला, "घाई काय हाय? रात पडूंदे." पुन्हा सगळे हसले, आणि त्या हसण्यात चार-दोन जणांनी फुकट मिळतंय म्हणून फळं नेलीही. उन्हात बोलून बोलून तुमचा घसा सुकला होता. तुम्ही शेजारच्या गुऱ्हाळावर बसून उसाचा रस प्यालात, वर पिंपातलं पाणी. मलाही दिलात. मी घेतला नाही. जत्रेतलं पाणी पिण्याची मला भीती वाटायची, आणि त्या दिवशी तेवढीच भीती उपयोगाला आली.

पुढच्या अमावस्येच्या सुमाराला तुमच्या डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं. अंगात उभं राहायची ताकद नाही, अन्न समोर नको. बैलगाडीत गादी घालून मी तुम्हाला मुरबाडला तुमच्या बहिणीकडे नेलं. डॉक्टरांनी विचारून विचारून काढलं आणि सांगितलं, जत्रेतलं पाणी. पण तुमच्या बहिणीनं डाळीतली हळद बंद केली आणि पलंगावरची पिवळी चादरही काढली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "खिडकीतून ऊन येतंय ते पण काढ." मी हसलो आणि लगेच घाबरलो, कारण त्या वाक्यानंतर तुम्हाला बराच वेळ धाप लागली होती. मी तुमच्या उशाशी राहिलो. तुकडा आईच्या हवाली होता. गाडीवाला परत निघाला तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर निरोप दिलात: फळं सांभाळ म्हणावं, बी धरायचं आहे.

आईनं सांभाळली. तुम्ही परत आलात तेव्हा शाळेच्या ओसरीवर खुर्ची टाकून तुम्हाला बसवलं, आणि पाड्यावरच्या बायका घेऊन आई आली. तिच्या हातात पळसाच्या पानाची पुडी होती. ती खाली बसली, उभ्यानं तुमच्याशी ती कधी बोलली नाही, आणि म्हणाली, "मास्तर, तुमी ती खाल्लीत नि तुमालाच लागली. सगल्या जत्रेनं बघितलं. मग आमी ठेवू का ती शेतात? तुमी तिथं निजलेले नि ती इथं पिकत राहिलेली, रोज अधिक पिवली. झाडं सगली उपटली. टोपल्या भरून नदीवर नेली, हलदकुंकू वाहिलं नि सोडून दिली. जा म्हटलं बायांनो, मास्तरांची पिवल घेऊन जा." शेजारची बाई म्हणाली, "नि तुमाला उतार पडला बघा त्याच्यावरच." आई पुडी पुढं करत होती. "पण तुमचं बी बुडवलं नाय. लालभडक तेवढी निवडून निवडून घेतली, राखेत चोळली, सुपात वालवली. एक पिवलं येऊ दिलं नाय त्यात."

त्या वाफ्यांत दर वर्षी काही झाडं लाल निघायचीच, गावठी आजीवर गेलेली. ती आपण सोडून द्यायचो, पाड्यावर वाटायचो. आईनं तीच ठेवली आणि बाकीची नदीला दिली.

तुम्ही पुडी उलगडलीत. बी तळहातावर घेऊन बोटानं पसरलंत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो, की आता तुम्ही आईला काय बोलाल. तुम्ही म्हणालात, "किती स्वच्छ केलंय." आणि मग, "तुम्ही सगळ्यांनी माझा जीव वाचवलात." आई रडली. बायका गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. नारंगी रंग लाल फळात लपून बसत नाही, म्हणालात, असला तर तो दिसतोच. लाल म्हणजे त्यातून तो गेला. मागल्या वर्षी बाटलीत भरून ठेवलेल्या नारंगी बियांना पावसाळ्यात बुरशी आली होती. तरी आपण त्या पेरल्या. उगवल्या नाहीत. पाकीट पाठवणारा मित्र परदेशी गेला होता, त्याला लिहिलंत, उत्तर आलं नाही. आणि त्याच दिवशी ओसरीवर तुम्ही मला बजावलंत, "हे त्यांना कधी सांगायचं नाही. तुझ्या आईला तर नाहीच." मी सांगितलं नाही. आई म्हातारी होऊन गेली. शेवटच्या आजारातही नातसुनेला सांगत होती की आमच्या मास्तरांना आमी काविळीतून परत आणलं. मी शेजारी बसून हो हो म्हणत होतो.

पुढच्या थंडीत नदी खाली गेल्यावर तुम्ही मला घेऊन काठानं चालायला लागलात. पाण्यानं सोडलेलं एखादं फळ कुठं गाळात रुजलं असेल, एवढीच आशा. तुम्हाला आजारानंतर चढ झेपत नव्हता, मधे मधे बसावं लागायचं. सापगावच्या खाली, धुण्याच्या दगडांच्या पलीकडं, खडकाच्या कपारीत टोमॅटोचं एक झाड सापडलं. त्याला फळ होतं, हिरवं. आपण भोवती काट्या रोवल्या. मी सकाळी जायचो आणि संध्याकाळी जायचो, आणि या वेळी तुम्ही माझी थट्टा केली नाहीत. मी परत आलो की वर्गातूनच विचारायचात, "बघितलंस?" पोरांना वाटायचं मास्तरांची गाय-बिय हरवली असेल. फळ पांढुरकं झालं, मग खालच्या अंगाला पिवळसर, आणि एक दिवस अगदी आपलं दिसायला लागलं, तसंच, जत्रेत नेलं होतं तसं. तुम्ही शाळा लवकर सोडलीत. त्या दगडावर टोपी हातात घेऊन अंधार पडेपर्यंत तुम्ही त्याच्याकडे बघत बसला होतात. कुठलाही लाल टोमॅटो पिकताना एक दिवस तसा दिसतोच, हे तुम्हाला माहीत होतं.

ते लाल झालं. तुम्ही तोडलंत, चाकूनं अर्धं केलंत, अर्धं मला दिलंत. चांगला टोमॅटो होता. तुम्ही चावून गिळलंत आणि नदीकडे बघत म्हणालात, "तू इथं असतास तर ती वाचली असती. तू त्यांना अडवलं असतंस." मी हो म्हटलं. त्यानंतर तुम्ही पुन्हा चिमटा हातात घेतला नाहीत. तुमची बदली झाली, काही वर्षांनी मुरबाडलाच तुम्ही वारलात, मला तिसऱ्या दिवशी कळलं. आईच्या पुडीतले लाल टोमॅटो पाड्यावर घरोघरच्या उकिरड्यावर बरीच वर्षं होत राहिले. पोरांनी ते खाल्ले. तेही काही वाईट नव्हते.

मी सुनेकडून पाकीट मागून घेतलं आहे. ती म्हणाली, कुणाला पाठवताय? मी म्हटलं, कुणाला नाही. ते खरंच आहे, हे कुठं जायचं नाही, आणि जायचं नाही म्हणूनच पुढचं लिहिता येतं आहे. मुरबाडला तुमच्या उशाशी बसलो होतो तेव्हा, मास्तर, तुम्ही मला सगळं शिकवलेलं असूनही, डॉक्टरांनी माझ्यासमोर पाण्याचं सांगितलेलं असूनही, तुमचे ते डोळे बघून मलाही वाटत होतं की हे त्या फळांनीच केलं. मी मनात म्हणत होतो, सगळी झाडं जळून जाऊ देत पण हे उठू देत. मी सापगावात असतो तर कुणालाही अडवलं नसतं. टोपली जड असणार. आईबरोबर तिचा दुसरा काठ मीच धरला असता.